पहिलीचा वर्ग सर्वांत शेवटी

(ठाण्यातील कोलशेत येथील स्मृतिव्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते दर जूनमध्ये मुख्याध्यापकांकडून पहिलीचा वर्ग मागून घेत, असे आयोजकांनी मला सांगितले. ज्येष्ठ शिक्षकाने वरचे वर्ग घ्यायचे आणि नव्याने लागलेल्याच्या गळ्यात पहिली घालायची, ही आपल्याकडची रीत. गुरुजी त्या रीतीच्या उलट चालले. मला विषय सुचला तो तेवढ्यावरून. करोनाकाळात शाळा बंद झाल्या, यावर पुष्कळ बोलून झाले आहे. त्या उघडल्या कशा आणि कोणत्या टोकाकडून उघडल्या, हे फारसे कोणी विचारत नाही. आज तेवढेच विचारतो.

आधी तारखा सांगतो. कंटाळवाण्या आहेत, पण सगळी गोष्ट त्यांच्यातच आहे. मार्च २०२०च्या मध्यावर शहरांतल्या शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. १५ जूनला नवे वर्ष सुरू झाले ते मोबाईलवर. २३ नोव्हेंबर २०२०ला राज्याने नववी ते बारावीचे वर्ग उघडले. मुंबईपाठोपाठ ठाण्यानेही तेव्हा ३१ डिसेंबरपर्यंत थांबायचे ठरवले. २७ जानेवारी २०२१ला पाचवी ते आठवी. मग दुसरी लाट आली आणि सगळे पुन्हा बंद. जुलै २०२१मध्ये कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावी. ऑगस्टमध्ये शिक्षण विभागाने १७ तारखेचा मुहूर्त जाहीर केला, राज्याच्या कोविड कृती दलाने हरकत घेतली आणि दोन-तीन दिवसांत तो मुहूर्त मागे गेला. ४ ऑक्टोबरला शहरात आठवी ते बारावी आणि गावांत पाचवी ते बारावी. शेवटी १ डिसेंबर २०२१ला पहिलीचे दार उघडले, तेही मुंबईने आणखी पंधरा दिवस पुढे ढकलले.

या यादीत एक गोष्ट कधीच बदलत नाही. जितक्या वेळा दार किलकिले झाले, तितक्या वेळा आत आधी गेली ती थोरली मुले. धाकटी नेहमी रांगेच्या शेवटी. आठवी, नववी, दहावी यांना दोन-दोन, तीन-तीन वेळा संधी मिळाली. शहरातल्या पहिलीला १ डिसेंबरपर्यंत एकदाही नाही.

जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेले एखादे मूल डोळ्यांसमोर आणा. शेजारच्या ढोकाळीच्या चाळीतले आणा किंवा समोरच्या टॉवरमधले. त्याची पहिली पूर्ण घरात गेली. दुसरीचेही पाच-सहा महिने घरात गेले. डिसेंबर २०२१मध्ये ते वर्गात बसायला पात्र झाले आणि ४ डिसेंबरला बातमी आली की महाराष्ट्रातला ओमिक्रॉनचा पहिला रुग्ण सापडला आहे. कुठे? डोंबिवलीत. दक्षिण आफ्रिकेहून दुबई, दिल्ली अशा प्रवासाने आलेला एक तरुण मरीन इंजिनिअर. त्या संध्याकाळी ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर काय चालले असेल ते तुम्ही मला सांगायची गरज नाही. १० जानेवारी २०२२पासून शाळा पुन्हा बंद. आदेश १५ फेब्रुवारीपर्यंतचा होता, पण सरकारने फेरविचार करून २४ जानेवारीला परवानगी दिली, हे त्याच्या श्रेयाचे. म्हणजे या मुलाला सलग शाळा मिळाली ती दुसरी संपता संपता. जून २०२२मध्ये ते तिसरीत गेले.

आता योगायोग पाहा. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २०१८नंतर देशभर सविस्तर झाली ती २०२२च्या पावसाळ्यानंतर. त्यांनी तिसरीतल्या मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवला. २०१८मध्ये देशातली २७.३ टक्के मुले तो वाचू शकली होती. २०२२मध्ये २०.५ टक्के. पाहणी ग्रामीण भागाची आहे, त्यामुळे ती कोलशेतला जशीच्या तशी लावता येणार नाही. पण वर्ग तोच आहे. जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेली, आपण सर्वांत शेवटी आत घेतलेली हीच ती मुले.

थोरल्यांना आधी का घेतले? कारणे होती, आणि ती फालतू नव्हती. मोठी मुले मास्क लावतात, सांगितले तर अंतर ठेवतात. त्यांच्यापुढे दहावी-बारावी उभी असते. शिवाय २०२१च्या मे महिन्यात तिसरी लाट मुलांना गाठणार अशी हवा झाली होती. बालरोग कृती दल नेमले गेले, मुलांसाठी वेगळे वॉर्ड तयार झाले. इथून हाकेच्या अंतरावर, बाळकुमला, १,०२४ खाटांचे कोविड रुग्णालय जून २०२०पासून चालू होते. कोलशेत रस्त्यावरून त्या दिवसांत रुग्णवाहिकांचा आवाज रात्रभर येई. त्या आवाजाखाली राहणाऱ्या आईबापांना मूल घरातच बरे वाटले, यात नवल नाही. आणि मार्च २०२०मध्ये किंवा एप्रिल-मे २०२१मध्ये शाळा बंद ठेवणे चुकीचे होते, असे मीही म्हणणार नाही. ऑक्सिजनसाठी माणसे रांगेत उभी असताना वर्ग भरवायचे नसतात.

माझा आक्षेप मधल्या दोन खिडक्यांवर आहे. पहिली नोव्हेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१. दुसरी जुलै ते नोव्हेंबर २०२१. या दोन्ही काळांत साथ ओसरलेली होती, आणि तेव्हा आपण काय काय उघडले ते आठवा. पहिल्या खिडकीच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२०मध्ये, उपाहारगृहे आणि बार. दिवाळीच्या पाडव्याला देवळे. २०२१मध्ये घटस्थापनेला पुन्हा देवळे आणि २२ ऑक्टोबरपासून नाट्यगृहे व चित्रपटगृहे. म्हणजे तुमच्या शेजारच्या घाणेकर नाट्यगृहात दोन अंकी नाटक करायला परवानगी होती, पण त्याच रस्त्यावरच्या शाळेत पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकवायला नव्हती. डोंबिवलीच्या नाट्यमंदिराला सावित्रीबाई फुल्यांचे नाव आहे. त्या दालनात पडदा वर जाऊ शकत होता, त्यांनी ज्यासाठी शेणगोळे झेलले ते मात्र बंद. नाटकवाल्यांवर माझा राग नाही, त्यांची चूल बंद पडली होती. पण त्यांना बोलता येते, निवेदन देता येते, मंत्र्यांना भेटता येते. सहा वर्षांच्या मुलांची संघटना नसते.

दहावी-बारावीच्या मुलांना आवाज असतो, त्याचाही पुरावा आपण पाहिला. ३१ जानेवारी २०२२ला परीक्षा ऑनलाइन घ्या म्हणून शेकडो मुले धारावीत शिक्षणमंत्र्यांच्या घरावर धडकली. मागणी चुकीची होती असे माझे मत, आणि त्यांना चिथावणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला तेही योग्यच. पण दहावीच्या प्रश्नावर रस्ता अडतो. पहिलीच्या प्रश्नावर कुठे मोर्चा निघाल्याचे कोणी ऐकले आहे का?

माझे म्हणणे असे, की उघडण्याच्या क्रमातून आपण शाळा कशाला समजतो ते बाहेर पडले. आपल्यासाठी शाळा म्हणजे परीक्षेची तयारी. परीक्षा दिसते, तिचा निकाल टक्क्यांत लागतो, पेढे वाटले जातात. २०२१चा दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. परीक्षा न घेता, नववीचे गुण आणि अंतर्गत मूल्यमापन धरून. त्या निकालात काही हरवल्याचे कुठेच दिसत नाही. पहिलीतले मूल 'क' ओळखायला कधी शिकले याचा निकाल लागत नाही. ते शिकले नाही तर त्याची बातमी होत नाही. दहावीच्या मुलाला वाचता येत असते. शाळा बंद असली तरी ते पुस्तक उघडू शकते, क्लासच्या चित्रफिती पाहू शकते, मित्राला फोन करू शकते. पहिलीचे मूल पुस्तक उघडून काय करणार? त्याला अजून वाचताच येत नाही. शाळेवाचून सर्वांत जास्त अडते ते त्याचे, आणि शाळा सर्वांत उशिरा मिळाली तीही त्यालाच.

जगात सगळीकडे असे झाले नाही. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२०ला, युरोपात साथ जोरात असताना, शाळा उघडल्या त्या धाकट्यांपासून. पाचवीपर्यंतची मुले आधी आली, छोटे गट केले, जमेल तितका वेळ बाहेर मैदानात. पंधरवड्यात नॉर्वेने पहिली ते चौथी उघडली. मोठी मुले घरी थांबू शकतात, लहान नाही, हा त्यामागचा साधा विचार. लहानांचे आईबाप कामावर जाऊ शकले की घर चालते, हेही त्यात होते. डेन्मार्कची आपल्याशी तुलना कशी करणार, असे कोणी म्हणेल, तर आपल्याकडचेच सांगतो. जुलै २०२१मध्ये आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी पत्रकार परिषदेत सांगितले, की शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल. त्याच वेळी चौथ्या राष्ट्रीय सिरो सर्वेक्षणाचे आकडे आले. ६ ते ९ वयाच्या मुलांपैकी ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. यातली बहुतेक मुले वर्षभर शाळेत गेलेली नव्हती. त्यांना लागण घरात, चाळीत, सोसायटीच्या आवारात होऊन गेली होती. शाळा बंद ठेवून आपण ज्यापासून त्यांना वाचवत होतो, ते त्यांच्यापर्यंत आधीच पोचले होते.

याच महिन्यात, ५ जुलैला, केंद्र सरकारने 'निपुण भारत' अभियान सुरू केले. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशेब करता यावा, हे उद्दिष्ट. घोषणा झाली तेव्हा पहिली ते तिसरीचे वर्ग राज्यात बंद होते आणि पुढे जवळपास पाच महिने बंदच राहिले. सरकारी कागदपत्रांत अशा विनोदाला विनोद म्हणत नाहीत.

आता एका निर्णयाकडे जरा थांबून पाहू. ७ जुलै २०२१चा शासन निर्णय. ज्या गावात महिनाभर कोविडचा रुग्ण नाही, तिथे सरपंचाच्या अध्यक्षतेखाली समिती करून, ग्रामपंचायतीचा ठराव करून शाळा उघडता येईल. कल्पना उत्तम होती. मुंबईत बसून मुरबाडचे ठरवू नये, मुरबाडच्या गावाने ठरवावे. पण कोणते वर्ग? आठवी ते बारावी. आता ठाणे जिल्ह्यातले शहापूर-मुरबाडचे गाव डोळ्यांपुढे आणा. गावातली जिल्हा परिषदेची शाळा कुठवर असते? बहुतेक ठिकाणी चौथी किंवा पाचवी, मोठे गाव असेल तर सातवी. आठवीचे मूल शेजारच्या बाजारगावी माध्यमिक शाळेत जाते, आणि बाजारगावी रुग्ण असतात. म्हणजे कोविडमुक्त गावाने ठराव केला तरी उघडायला त्याच्याकडे आठवीच नाही, आणि जी शाळा गावात आहे ती उघडायची परवानगी नाही. ही अट ज्यांनी लिहिली त्यांना वाईट हेतूने लिहायचे नव्हते. त्यांच्या डोक्यात शाळा म्हटल्यावर हायस्कूल आले, एवढेच.

आणखी एक गोष्ट, जी शहरात बसून दिसत नाही. आपल्या जिल्ह्यातली कातकरी कुटुंबे दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, कल्याण, पार पनवेलपर्यंत. पाऊस जवळ आला की परततात. या मुलांसाठी 'विधायक संसद' या संस्थेने एके काळी भट्टीवरच्या भोंग्यात, म्हणजे गवताच्या त्या बुटक्या खोपटात, 'भोंगा शाळा' चालवल्या, हे इथल्या जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. या मुलांचे खरे शालेय वर्ष जून ते दिवाळी एवढेच. २०२१ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. गावातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबरला. ज्या महिन्यात वर्ग उघडला त्या महिन्यात ते मूल भट्टीवर विटा उलटत होते. म्हणजे कातकरी वाडीतल्या सहा वर्षांच्या मुलासाठी शाळा २०२१मध्येही उघडलीच नाही. हजेरीपटावर ते गैरहजर, एवढाच त्याचा उल्लेख. हे मला त्या सगळ्या काळातले सर्वांत मोठे नुकसान वाटते, आणि त्याची बेरीज कोणत्याच टक्केवारीत येत नाही.

शहराकडे परत येतो. पहिल्या टाळेबंदीत सोसायट्यांच्या फाटकांवर घरकाम करणाऱ्या बायकांना अडवले गेले. पुढे त्यांना परत बोलावले, कारण भांडी कोणीतरी घासायला हवी होती. त्या कामावर आल्या तेव्हा त्यांची मुले कुठे होती? दहा बाय बाराच्या खोलीत, थोरल्या बहिणीच्या भरवशावर. घरात फोन एक, तो बापाबरोबर कंपनीत. संध्याकाळी बाप आला की फोन यायचा, तोपर्यंत डेटा संपलेला. अर्थतज्ज्ञ जाँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत केलेल्या 'स्कूल' पाहणीत, ज्यात महाराष्ट्रही होता, वंचित वस्त्यांतील ग्रामीण मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी निघाली ८ टक्के, आणि ३७ टक्के मुले अजिबात काही शिकत नव्हती. आपल्या राज्याने प्रयत्न केले नाहीत असे नाही. 'शाळा बंद पण शिक्षण आहे' झाले, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, व्हॉट्सअॅपवर स्वाध्याय यायचा. 'टिलीमिली' मी मुद्दाम पाहायचो. चांगली होती, घरातल्या वस्तूंतून शिकवायची. पण टीव्हीला मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेता येत नाही.

साथीत मूल घरी बरे की शाळेत, हा प्रश्न नवा नाही. १९१८च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, न्यूयॉर्कने नाही. तिथले आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड आणि बालआरोग्याचे काम पाहणाऱ्या डॉ. जोसेफिन बेकर यांचे म्हणणे असे, की गरिबांच्या कोंदट खोल्यांपेक्षा मूल शाळेच्या मोठ्या, हवेशीर वर्गात अधिक सुरक्षित आहे. शिवाय तिथे रोज कोणीतरी त्याला तपासते, ताप आला तर कळते. ढोकाळी-मानपाड्याच्या चाळींना हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडतो. शंभर वर्षांपूर्वीचा आहे, म्हणून तो आपल्याला सुचायला हरकत नव्हती. आपण शाळा बंद केल्या त्यामागचा एक कायदाही तसा जुनाच आहे. १८९७चा साथरोग कायदा, मुंबई-पुण्याच्या प्लेगासाठी केलेला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. तेव्हा लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत. कोंदटपणातून मोकळ्या हवेत जायचे, हे शहाणपण लोकांना कोणी शिकवले नव्हते.

हवेचा विषय निघालाच आहे तर मन मोकळे करतो. शाळा उघडताना आपण पैसे कशावर खर्च केले? तापमान मोजायच्या बंदुकीवर. सॅनिटायझरच्या पिंपांवर. कुठे कुठे बाकांवर रोज औषध फवारले. करोना हवेतून, बंद जागेत पसरू शकतो हे २०२१च्या एप्रिलपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट लिहिले होते. मग खर्च हवा होता खिडक्यांवर. आणि इथे गंमत अशी, की महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या जुन्या इमारतींत वर्गाला दोन्ही बाजूंनी खिडक्या असतात, पुढे लांब व्हरांडा असतो. वारा आरपार जातो. नव्या महागड्या शाळांचे वर्ग काचबंद आणि वातानुकूलित. ज्या इमारतीची आपल्याला लाज वाटते ती साथीच्या काळात अधिक बरी होती. नियम मात्र दोघांना एकच. एका बाकावर एक मूल, दोन बाकांत सहा फूट, वर्गात पंधरा-वीस. डोंबिवलीतल्या अनुदानित शाळेत वर्गात साठ मुले असतात आणि एकाच इमारतीत सकाळ-दुपार दोन शाळा भरतात. तिथे पंधरा-वीसच्या नियमाचा अर्थ एक मूल आठवड्यातून दोन दिवस, असा होतो. त्या दोन दिवसांपैकी एक दिवस शिक्षिका लसीकरण केंद्रावर.

शिक्षकांबद्दल दोन वाक्ये तरी बोलायलाच हवीत. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चे सर्वेक्षण त्यांनी दारोदार केले. बदलापूर, टिटवाळ्याला राहून ठाण्यात शिकवणाऱ्या शिक्षकांना लोकलची परवानगी मिळाली ती नोव्हेंबर २०२०मध्ये, शाळा उघडायच्या आठवडाभर आधी. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा गेली, आणि जून २०२१मध्ये दहावीच्या मूल्यमापनासाठी शाळेत यायचे आदेश हातात असताना ही माणसे गाडीत चढू देण्यासाठी विनंत्या करत होती. लोकल शिक्षकाला कधी मिळते यावरून अंबरनाथ ते ठाणे पट्ट्यातली शाळा कधी उघडते ते ठरते. मंत्रालयातल्या तारखेवरून नाही.

राहिले संमतीपत्र. शाळा उघडल्या, पण हजेरी सक्तीची नाही आणि पालकाची लेखी संमती हवी. २३ नोव्हेंबर २०२०च्या पहिल्या दिवशी राज्यभरात नऊ हजारांवर शाळा उघडल्या आणि तीन लाखांच्या आसपास मुले आली, म्हणजे येऊ शकणाऱ्यांतला अगदी थोडा भाग. एका आईने त्या वेळी मला विचारले होते, "सर, सही केली तर उद्या काही झालं की जबाबदारी माझी. नाही केली तर पोराचं वर्ष जातंय, तेही माझ्यामुळेच. मग सरकार कशासाठी हो?" मला उत्तर देता आले नाही. ज्याच्याकडे माहिती कमी, त्याच्यावर निर्णय ढकलायचा, याला संमती म्हणत नाहीत. शाळा सुरक्षित आहे असे वाटत असेल तर शासनाने तसे सही करून सांगावे. वाटत नसेल तर उघडू नये.

मग २०२१च्या जुलै-ऑगस्टमध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. मागच्या वर्षाचे राहिलेले ४५ दिवसांत, तेही पुन्हा बव्हंशी मोबाईलवर. पूल बांधायला दोन काठ लागतात, इथे अलीकडचा काठच नव्हता. खरी दुरुस्ती झाली ती जून २०२२नंतर, वर्गात, आणि ती शिक्षकांनी केली. 'असर'च्या २०२४च्या पाहणीत तिसरीतल्या मुलांचा आकडा २७.१ टक्क्यांवर आला, म्हणजे जवळजवळ २०१८इतका. हे पाहून अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला. झाले ते भरून निघाले, असे लिहूनही आले. पण २०२४मधल्या तिसरीतली मुले २०२२मध्ये पहिलीत आलेली. त्यांनी बंद शाळा पाहिलीच नाही. ज्यांचे नुकसान झाले ती मुले तोवर पाचवीत गेली होती. आकडा सुधारला, कारण आपण दुसरी मुले मोजली. जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल मार्च २०३०मध्ये दहावीला बसेल. तेव्हा त्या तुकडीकडे सगळ्यांचे लक्ष जाईल, कारण तेव्हा परीक्षा असेल.

पुढची साथ कधी येईल ते माझ्या हातात नाही. उन्हाची लाट, पूर, खाडीकाठचे रासायनिक अपघात, शाळा बंद व्हायला आता पुष्कळ कारणे आहेत. तेव्हा क्रम उलटा असावा, एवढे मला हवे आहे. बंद करताना पहिली-दुसरी सर्वांत शेवटी, उघडताना सर्वांत आधी. आणि हे ठरवायचे ते साथ नसताना, शाळा व्यवस्थापन समितीत. शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन-चतुर्थांश पालक ठेवले आहेत. बहुतेक ठिकाणी ते सहीपुरते बसतात.

तर तिथे एकच प्रश्न विचारायचा. साथ आली तर आमच्या पहिली-दुसरीच्या मुलांना, पंधरा-पंधराच्या गटांत, उघड्या हवेत कुठे बसवाल? जागांची यादी करा. कोलशेतची यादी मी इथे येताना मनातल्या मनात करत आलो. गावदेवीचा सभामंडप, खाडीकाठची मोकळी जागा, शाळेचा व्हरांडा. आणि समोर रसायनांच्या कारखान्याच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरांची पोडियमवरची लॉन आणि क्लब हाऊस. सकाळी नऊ ते अकरा ती रिकामीच असतात. गावठाणातली आणि चाळीतली पंधरा मुले तिथे बसवायची म्हटले, तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत काय होईल, हे समोर बसलेल्या पदाधिकाऱ्यांकडून मला ऐकायचे आहे. माझा वेळ संपला. प्रश्नोत्तरांना तिथूनच सुरुवात करू.